नाशिकमध्ये मानसशास्त्राची पदवी: प्रवेशाच्या अर्जापासून शेवटच्या सत्रापर्यंत

बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे चौकशीला पालक येऊ लागतात. गेल्या वर्षी सिन्नरहून एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलीला सायकॉलॉजी घ्यायचं होतं. वडिलांचा प्रश्न एकच होता, "मॅडम, तीन वर्षांनी ही समुपदेशनाचा बोर्ड लावू शकेल ना?" मी नाही म्हटलं. मुलीचा चेहरा उतरला, वडील उठायलाच निघाले. मग मी त्यांना बसवून तासभर जे सांगितलं, तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे.

मी निफाडहून रोज एसटीने नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरून शिकले. आज शाळेत समुपदेशक आहे. मानसशास्त्राची पदवी तुम्हाला कुणाचं मन वाचायला शिकवत नाही आणि कुणावर उपचार करायचा अधिकारही देत नाही. माणसाचं वागणं नीट बघायला, मोजायला आणि निष्कर्ष काढण्याआधी थांबायला ती शिकवते. हे पहिल्याच दिवशी कळलं, तर तीनही वर्षं कारणी लागतात.

अर्ज भरण्याआधी

बी.ए.ला कुठल्याही शाखेतून बारावी झालेली चालते. बी.एस्सी.च्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या त्या महाविद्यालयात विचाराव्यात. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक कला-विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुलांच्या बोलण्यात नावं येतात ती कॉलेज रोडचं एचपीटी, गंगापूर रोडचं केटीएचएम, नाशिकरोडचं बिटको यांची. नाव ऐकून अर्ज भरू नका. प्रत्यक्ष जाऊन हे विचारा: मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून आहे, की पहिल्या एक-दोन वर्षांपुरतंच? प्रयोगशाळा आहे का? शिकवणारे पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर किती? मराठीतून उत्तरं लिहिणाऱ्या मुलांना संदर्भसाहित्य काय मिळतं? आणि चौथं वर्ष तिथेच करता येईल का?

शेवटचा प्रश्न नव्या शैक्षणिक धोरणामुळे महत्त्वाचा झाला आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. एक वर्ष करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. सगळा हिशोब श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचं अध्यापन, प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. आमच्या वेळी "स्पेशल सायकॉलॉजी" म्हणायचे, आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) म्हणतात. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतूनच पुढे मेजर ठरतो. म्हणजे पहिल्या वर्षी मानसशास्त्र घेतलं नाही, तर दुसऱ्या वर्षी मागून मिळेलच असं नाही. अर्जातला विषयांचा रकाना घरी बसून घाईत भरू नका, विभागात विचारून मगच भरा.

जोडीला कोणते विषय घ्यावेत? माझं मत ठाम आहे: समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांतला एक तरी घ्या. माणूस घरातून, जातीतून, गावातून आणि पिकाच्या भावातून घडतो, हे मानसशास्त्राच्या पुस्तकांत पुरेसं येत नाही. लासलगावला कांदा पडला की चांदवडच्या घरात काय होतं, ते समजायला अर्थशास्त्रच लागतं.

एक गोष्ट विशेष जपून वाचा, कारण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे आणि नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घेण्याची सवय इथल्या अनेक घरांना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्यात येणाऱ्या विषयांना ही मनाई आहे. "घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री" अशी जाहिरात मोबाइलवर आली, तर पैसे भरण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर खात्री करा.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या धावपळीत काढायला जाऊ नका, तहसीलमध्ये तेव्हा झुंबड असते. एप्रिलमध्येच काढून ठेवा.

पहिलं वर्ष: शब्दांची वही

पहिल्या सत्रात मुलं अडखळतात ती शब्दांवर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तक जड जातं. मराठी पुस्तक उघडलं, तर "अभिसंधान", "प्रबलन", "बोधनिक" असे घरात कधी न ऐकलेले शब्द समोर येतात. मी सगळ्यांना एकच उपाय सांगते. दोनशे पानी वही घ्या आणि पानाचे तीन भाग करा. पहिल्यात मराठी संज्ञा, दुसऱ्यात इंग्रजी संज्ञा आणि तिसऱ्यात स्वतःच्या घरातलं उदाहरण. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर संज्ञा समजलेली नाही असं धरून चाला.

दोन नमुने देते. वेदन आणि संवेदन यांत मुलं हमखास घोळ घालतात. गोदाघाटावर उभे असताना कानावर घणघण आवाज आदळला, हे वेदन. "आरती सुरू झाली" असं मनात आलं, हे संवेदन. कानाला तोच आवाज परदेशी पाहुण्यालाही ऐकू येतो, अर्थ मात्र तुम्हालाच लागतो.

दुसरा नमुना नकारात्मक प्रबलनाचा. जवळपास प्रत्येक जण त्याला शिक्षा समजतो, आणि परीक्षेत हा प्रश्न आवडीने विचारला जातो. आई सकाळपासून ओरडते आहे, मुलगा पुस्तक उघडतो, ओरडणं थांबतं. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे पुस्तक उघडण्याचं वागणं पक्कं झालं. प्रबलन नकारात्मक असो की सकारात्मक, वागणं वाढतंच. शिक्षेने ते कमी होतं. "नकारात्मक" या शब्दाचा अर्थ इथे "काढून घेतलेलं" इतकाच आहे.

चेतापेशी आणि मेंदूचा भाग आला की कला शाखेची मुलं घाबरतात. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आठवडाभर रोज एकदा, पुस्तक मिटून, चेतापेशीची आकृती काढा आणि नावं घाला. सातव्या दिवशी ती हातात बसलेली असते.

दोन आकडे, एक सरासरी

माझ्या पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं की पुढे संख्याशास्त्र आहे. दहावीनंतर गणित सुटलं याचा आनंद करून मी इकडे आले, आणि प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाच्या) पानावर रडले होते. तुम्ही आधीच तयार राहा. गणित इथे आठवीच्या वरचं फारसं लागत नाही. लागते ती शिस्त.

हे करून बघायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घरचा एक छोटा प्रयोग. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप याने रंगांच्या नावांवर केलेला प्रयोग आजही जगभर शिकवला जातो, आणि तो मराठीत छान जमतो.

दोन कोरे कागद घ्या. पहिल्यावर लाल, निळा, हिरवा, पिवळा हे शब्द मिसळून वीस वेळा लिहा, प्रत्येक शब्द त्याच रंगाच्या स्केचपेनने. दुसऱ्या कागदावर तेच वीस शब्द चुकीच्या रंगात लिहा, म्हणजे "लाल" हा शब्द निळ्या शाईत. प्रयोज्याने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करता त्याने, शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. एकाला पहिला कागद आधी द्या, दुसऱ्याला दुसरा आधी, नाहीतर सरावाचा परिणाम मोजमापात शिरतो. सूचना सगळ्यांना अक्षरशः त्याच शब्दांत वाचून दाखवा. रंगांधळेपणा आहे का, हे आधी विचारा. आणि "कधीही थांबायचं असेल तर थांबू शकता" हे सांगून होकार घ्या, समोर तुमची सख्खी बहीण असली तरी.

समजा पाच जणांना पहिल्या कागदाला १२, १४, ११, १५ आणि १३ सेकंद लागले. बेरीज ६५, सरासरी १३. दुसऱ्याला २०, २४, १८, २५ आणि २३. बेरीज ११०, सरासरी २२. फरक ९ सेकंदांचा. आता पहिल्या कागदाचं प्रमाण विचलन काढा. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा: उणे १, १, उणे २, २, ०. त्यांचे वर्ग १, १, ४, ४, ०, बेरीज १०. तिला ५ ने भागलं तर २ येतात आणि वर्गमूळ साधारण १.४१. नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर ५ ऐवजी ४ ने भागायचं, मग २.५ आणि वर्गमूळ साधारण १.५८. हे "एक कमी" का करायचं, हे शिक्षकांना वर्गात उठून विचारा. नुसतं सूत्र पाठ करणारी मुलं पुढे संशोधन पद्धतीच्या पेपरात इथेच अडकतात.

हा फरक का पडतो? वाचायला शिकलेल्या माणसाला शब्द न वाचणं जवळजवळ अशक्य होतं. वाचन आपोआप होतं, रंग ओळखून त्याचं नाव घ्यायला मात्र लक्ष द्यावं लागतं, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येतात. अजून वाचायला न शिकलेल्या धाकट्या भावंडाला हा त्रास होत नाही. हे घरी करून पाहिलेल्या मुलांना अवधानाचं, म्हणजे लक्ष देण्याचं, प्रकरण वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रॅक्टिकल आणि जर्नल

आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवणं, म्युलर-लायर भ्रम (सारख्याच लांबीच्या रेषा टोकांवरच्या बाणांमुळे लहान-मोठ्या वाटणं), अवधानकक्षा (एका नजरेत किती गोष्टी टिपता येतात), प्रतिक्रियाकाळ हे नेहमीचे प्रयोग. जर्नलमध्ये समस्या, अभ्युपगम (आधी बांधलेला अंदाज), साहित्य, सूचना, कार्यपद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा क्रम असतो. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलीकडून उतरवायची पद्धत सर्रास आहे, आणि मला तिचा मनापासून राग येतो. उतरवलेल्या जर्नलमध्ये सगळ्यांचे निकाल पुस्तकाप्रमाणे येतात. खरे निकाल तसे येत नाहीत. तुमच्या प्रयोज्यावर भ्रमाचा परिणाम दिसला नाही, तर तसंच लिहा आणि चर्चेत कारणं शोधा: उजेड कमी होता का, तिने सूचना ऐकली होती का, ती थकलेली होती का. प्रयोज्याचं अंतर्निरीक्षणही, म्हणजे प्रयोगाच्या वेळी त्याला आतून काय वाटलं ते, त्याच्याच शब्दांत उतरवा. "ताई, हात माझाच होता पण ऐकत नव्हता" हे वाक्य एका मुलीच्या जर्नलमध्ये मी वाचलं आहे. आरशातल्या ताऱ्याचं त्याहून चांगलं वर्णन मला माहीत नाही.

मानसशास्त्रीय चाचण्यांबद्दल एक इशारा. चाचणी म्हणजे नुसती प्रश्नावली नव्हे. कुणावर बेतलेली, कधी बेतलेली आणि तिची मानकं (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते आकडे) काय, हे माहीत नसेल तर येणाऱ्या आकड्याला अर्थ नाही. बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचं रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी केलं. बिने-कामत चाचणीचं नाव तुम्हाला पुढे अनेकदा ऐकायला मिळेल. आपल्या भाषेतल्या मुलांवर बेतलेली चाचणी म्हणून तिचं मोल मोठं आहे. पण पिढ्यांगणिक बुद्धिमापनाचे सरासरी गुण वाढत गेले, असं अनेक देशांत दिसलं. त्यामुळे जुन्या मानकांवर मोजलं की आजच्या मुलाचा आकडा फुगतो. इंटरनेटवरची फुकट चाचणी भाच्याला देऊन आत्याला त्याचा बुद्ध्यंक सांगणं थांबवा.

वाचायचं कसं

स्मृतीचं प्रकरण शिकता ना, मग तेच स्वतःवर वापरा. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक शब्दांचे प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला: घसरण सुरुवातीला झपाट्याने होते, नंतर मंदावते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून तास झाला त्याच संध्याकाळी, वही मिटून, जे आठवेल ते अर्ध्या पानात लिहा. मग वही उघडून लाल पेनाने राहिलेलं भरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. एसटीत किंवा सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्यानेही हे मनातल्या मनात करता येतं. पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवून समाधान मिळतं, लक्षात फार थोडं राहतं. वाचायला शांत जागा हवी असेल, तर १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे.

प्रसिद्ध प्रयोग वाचताना मान डोलावू नका. मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी सांगितलं म्हणून समोरच्याला शेवटपर्यंत विजेचा धक्का दिला (धक्का खोटा होता, त्यांना तो खरा वाटत होता), हे सगळे पाठ करतात. पण ते ४० जण कोण होते? अमेरिकेतल्या एका शहरातले आणि आसपासचे पुरुष. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा लक्षणीय निकाल मिळाला. पुस्तकातल्या प्रत्येक विधानासमोर "कुणावर, कुठे, पुन्हा झालं का" हे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहायची सवय लावा.

आपल्या गावातही अभ्यासाचा विषय पडलेला असतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. आपण सहज म्हणतो, "लोक घाबरले आणि पळाले." गर्दीचा अभ्यास करणारे वेगळंच सांगतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं दाटली की कुणीच स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दीच त्याला ढकलत नेते. मागच्याला पुढे काय झालंय ते दिसत नाही. दोष भित्र्या माणसांवर टाकला की अरुंद वाटेकडे आणि नियोजनाकडे लक्ष जात नाही. सामाजिक मानसशास्त्राच्या प्रकल्पाला विषय हवा असेल, तर २०२७ चा सिंहस्थ दारात आहे. स्वयंसेवक म्हणून नाव द्या, मार्गदर्शकांची परवानगी घ्या, रोजची टिपणं ठेवा.

अपसामान्य मानसशास्त्र आलं की

मानसिक विकारांच्या या पेपरानंतर दोन गोष्टी घडतात. मुलं घरच्यांना निदान लावू लागतात, आणि प्रत्येक विकाराची लक्षणं स्वतःत शोधू लागतात. दोन्ही टाळा. लक्षण किती दिवस आहे, किती तीव्र आहे, त्याने रोजचं जगणं अडतं का, हे प्रशिक्षित माणूस भेटीत तपासतो तेव्हा निदान होतं. काकूंना हात पुन्हा पुन्हा धुताना बघून "ओसीडी" म्हणणं हा अभ्यासाचा अपमान आहे आणि काकूंचाही.

पण वाचताना एखादं प्रकरण खरोखर आतून हलवून गेलं, झोप उडाली, मरणाचे विचार आले, तर "मी सायकॉलॉजीची विद्यार्थिनी, मला काय गरज" म्हणून बसू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मी स्वतः दुसऱ्या वर्षी मदत घेतली होती, वडील गेल्यानंतर. त्याने माझा अभ्यास थांबला नाही, उलट मार्गी लागला.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव

नव्या रचनेत कार्यानुभवाचे श्रेयांक असतात. विशेष मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले मनुष्यबळ विभाग अशा जागा नाशिकमध्ये आहेत. विभागाचं पत्र घेऊन जा. तिथे तुम्ही निरीक्षक असता, समुपदेशक नसता. कुणी मन मोकळं केलं तर ऐका, सल्ला देऊ नका, आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीला कळवा. आणि गोपनीयता कडक पाळा. नाशिक कितीही वाढलं तरी शेअर रिक्षातल्या शेजारणीची चुलत जाऊ त्याच केंद्रात येत असते. मैत्रिणीला सांगतानाही नाव, गाव, नातं काहीच सांगू नका.

पुढची वाट

सिन्नरच्या वडिलांना मी कागदावर आकृती काढून दिली होती. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस डॉक्टर, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर. औषधं तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. आजवर त्याची मुख्य वाट दोन वर्षांच्या एम.फिल.ची होती. धोरणानंतर ती बदलते आहे आणि नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकावर न जाता परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त यादी बघा. नुसत्या एम.ए.ने ही नोंदणी मिळते असं नाही.

शाळेतल्या किंवा संस्थेतल्या समुपदेशनासाठी एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि देखरेखीखालचा सराव हवा. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट. विशेष शिक्षण, समाजकार्य, मनुष्यबळ व्यवस्थापन या वाटाही पदवीनंतर खुल्या असतात. संशोधनासह चार वर्षांचं ऑनर्स करायचं असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. त्याचा विचार पाचव्या सत्रात सुचून उपयोग नाही, पहिल्या सत्रापासून गुण धरावे लागतात.

पाचव्या सत्रातच ठरवा की एम.ए. कुठे करायचं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी भरावा लागतो. इतर विद्यापीठांच्या तारखा वेगवेगळ्या असतात, त्या एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवा. काही ठिकाणी मुलाखत असते, आणि तिथे हमखास विचारतात, "तुम्ही स्वतः केलेला एखादा प्रयोग सांगा." तेव्हा उतरवलेलं जर्नल कामाला येत नाही. सिन्नरच्या मुलीने प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात तिने घरातल्या सात जणांवर रंगांचा प्रयोग केला. तिची आजी निरक्षर आहे. आजीचे दोन्ही कागदांचे आकडे जवळजवळ सारखे आले, आणि मुलीने मला रात्री साडेदहाला फोन करून विचारलं, "मॅडम, आजीचे आकडे सरासरीत धरू की वेगळे मांडू?"